नवमीचं तेल

गुरुअण्णांची आठवण झाली की मला अजूनही आधी राग येतो. प्रेम, आदर वगैरे मागून सावकाश येतात. गेल्या आठवड्यात दसऱ्याला माझ्या मुलाने मोटारसायकल आणली. शेजारी जमले, पेढे वाटले, आणि प्रत्येकाने एकच विचारलं, "किती पळते?" मी खाली बसलो, मागच्या चाकाचा ब्रेक हाताने दाबून पाहिला, तो सैल लागला, आणि सगळ्यांसमोर मी मुलावर ओरडलो. बायको म्हणाली, सणासुदीला असं बोलतात का? तिचं बरोबर होतं. ओरडतानाच मला कळलं होतं की हा आवाज सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतला आहे, आणि तो मी तिथूनच उचलला आहे.

सत्तरनंतरच्या चार-पाच वर्षांत मी तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. राहायला खोली होती ती एका करडईच्या तेलाच्या दुकानावर. घरमालकांना सगळी पेठ अप्पा म्हणायची. धोतर, कोट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि हाताला कायमचा तेलाचा वास. त्यांचा मुलगा गुरुलिंग म्हणजे आमचे गुरुअण्णा. तिशी ओलांडलेले, अंगाने बारीक, आवाजाने दांडगे. रागावले की मराठी सोडून कानडीत शिरत. दिवसातून तीनदा तरी शिरत.

त्यांची एक खोड पेठेला छळायची. सकाळी दुकान उघडायला जाताना गल्लीत लावलेल्या प्रत्येक सायकलचा ब्रेक ते दाबून बघत. मालकाची ओळख असो नसो. ब्रेक लागला तर पुढे जात. नाही लागला तर तिथेच बसून दोन्ही चाकांतली हवा सोडत. मी राहायला आलो त्याच आठवड्यात माझी सायकल त्यांच्या हाती लागली. शाळेची वेळ झालेली, चाकं जमिनीला टेकलेली. मी तावातावाने दुकानात गेलो.

"तुम्हाला काय अधिकार, अण्णा?"

"ब्रेकचं रबर किती दिवस झालं बदलून?"

"मी हवेबद्दल विचारतोय."

"मी रबराबद्दल विचारलालो की, मास्तर! चालत जावा. चालताना माणूस आपोआप थांबतंय."

मी चालत गेलो. वाटेत त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या चित्रकलेच्या शिक्षकाला शोभणाऱ्या नव्हत्या. संध्याकाळी येऊन पाहतो तर सायकलला नवी रबरं बसवलेली होती आणि चाकांत हवा भरलेली होती. ही त्यांची दुसरी खोड. अपमान करायचा, मग उपकार करायचा, आणि उपकाराबद्दल बोललं तर पुन्हा अपमान करायचा. पोस्टमनने म्हणे त्यांच्याविरुद्ध वरपर्यंत तक्रार केली होती. त्याच्याही सायकलला नवी रबरं लागली.

हे वेड कुठून आलं ते मला सिद्रामने सांगितलं. सिद्राम होटगीचा. एके काळी अप्पांचा तेलाचा ट्रक चालवायचा. ट्रकचे ब्रेक गेलेत, असं तो अप्पांना सांगत होता आणि अप्पा म्हणत होते की दिवाळीचा माल पोचू दे, मग बघू. माल पोचला नाही. होटगीच्या रेल्वे फाटकाशी ट्रक थांबला नाही. फाटक मोडून तो खांबावर गेला आणि सिद्रामचा उजवा पाय गुडघ्याखाली कामातून गेला. अप्पांनी त्याला दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसवलं आणि पगार चालू ठेवला. "दैव," एवढंच ते म्हणाले. आपण त्याचं भलं केलं, विषय संपला, असं त्यांना मनापासून वाटत असावं. त्याच दिवसापासून अण्णांनी वडिलांशी बोलणं टाकलं.

एका घरात राहून, एका दुकानात बसून बापलेक चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जे बोलायचं ते सिद्राममार्फत. दोघं हाताच्या अंतरावर बसलेले आणि अप्पा म्हणत, "सिद्राम, त्याला सांग, बार्शीचा व्यापारी आलाय." सिद्राम मान वळवून सांगे, "अण्णा, बार्शीचा व्यापारी आलाय." अण्णा म्हणत, "सांग, दिसलालाय मला." सिद्राम पुन्हा इकडे वळे. "अप्पा, त्यास्नी दिसतंय." मग माझ्याकडे बघून डोळा मिचकावे. "लई सोप्पं काम हाय, मास्तर. नुसती मान हलवायची. पाय लागत न्हाय."

मी हसायचो. खाली अप्पांच्या गादीवर चहा घेताना अप्पांचं खरं मानायचो, मागच्या शेडमध्ये अण्णांचं खरं मानायचो. भाड्याची खोली चांगली होती. एवढंच कारण होतं, असं आज लिहायला लाज वाटते.

त्या मागच्या शेडमध्ये अण्णांची गाडी होती. निळी, दोन दारांची, बुटकी, गिरणीची नोकरी सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली. हैदराबादेजवळ एका जुन्या विमानपट्टीवर मोटारींच्या शर्यती भरत, आणि अण्णांना तिथे उतरायचं होतं. पेठेला वाटलं, अण्णा आता इंजिनाचं काहीतरी करतील. दोन वर्षं झाली तरी अण्णांनी इंजिनाचं झाकणसुद्धा उघडलं नाही. ते फक्त ब्रेक आणि स्प्रिंगांवर काम करत होते.

"काय अण्णा, किती पळती?" पानवाला विचारायचा.

"पळून कुठं जायचंय बे तुला? थांबती कुठं ते विचार की!"

"थांबायला कशाला हैदराबादला जायचं? हितंच थांबलीय की दोन वर्षं."

सगळी पानपट्टी हसायची. अण्णा कानडीत शिरायचे.

त्यांचं म्हणणं त्यांनी मला एकदा माझ्याच खडूने शेडच्या फरशीवर काढून दाखवलं. लांब सरळ पट्टी, टोकाला एकदम वळण. सरळ पट्टीवर सगळेच पळणार. वळण आलं की भिऊन लवकर ब्रेक मारणार. आणि असं दहा-पंधरा फेऱ्यांत दर वळणाला मारून मारून ब्रेकचे ड्रम तापणार, पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारं नळीतलं तेल उकळणार, आणि पाय दाबला तरी पेडल रिकामं आत जाणार. "शेवटच्या फेरीला ज्याचा ब्रेक जिता, तो पुढं. बाकी सगळं तमाशा." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "तिथं चार लोकांसमोर दिसू दे एकदा, ब्रेक म्हणजे काय असतंय ते." चार लोकांत कोण बसायला हवं होतं, ते मला कळलं. अप्पांनी शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं.

पुढच्या चाकांना त्यांनी एका जड व्हॅनचे मोठे ड्रम बसवले. त्यांना वारा लागावा म्हणून मागच्या पत्र्याला भोकं पाडली. आणि गाडीच्या नाकाखालून वारा थेट ड्रमवर यावा म्हणून दोन पन्हाळी केल्या, त्या दुकानातले तेलाचे डबे कापून. त्यामुळे गाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना 'शुद्ध करडई' अशी लाल अक्षरं आली. अप्पांनी ती रस्त्यावरून पाहिली. "सिद्राम, त्याला विचार, डबे धुऊन घेतलेत का." सिद्रामने विचारलं. अण्णा म्हणाले, "सांग, फुकट जाहिरात चाललीय म्हणून."

गाडी वळणावर मागून उचलायची. मागच्या आडव्या स्प्रिंगचे पाटे अण्णांनी ठोकून सपाट करून घेतले, पुढच्या स्प्रिंगा कापून आखूड केल्या आणि जाड तेलाचे शॉकॲबसॉर्बर टाकले. गाडी जमिनीला चिकटून वळू लागली. आत बसणाऱ्याच्या मणक्यांचं मात्र वाटोळं झालं. "ह्या गाडीत ज्वारी घेऊन बसावं," सिद्राम म्हणायचा. "गावाला पोचंस्तवर पीठ हुतंय."

पण जीव होता तो ब्रेकच्या लायनरमध्ये, ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीमध्ये. बाजारातले लायनर तापले की घसरायचे. एका बंद पडलेल्या गिरणीत जुन्या क्रेनच्या ब्रेकची विणलेल्या पट्टीची उरलेली गुंडाळी अण्णांना मिळाली. ती कापून, तासून, रिबिटा मारून त्यांनी ब्रेकच्या शूजवर, म्हणजे ड्रमच्या आतल्या लोखंडी कमानींवर, बसवली. चारही चाकांना पुरली आणि संपली. मग महिनोन्महिने रोज सकाळी आम्ही होटगी रस्त्याला जायचो. अण्णा वेगात येऊन एकाच खुणेवर ब्रेक मारायचे, पुन्हा मारायचे, पुन्हा. मी उतरून गाडी थांबली तिथे खडूची रेघ ओढायचो. सुरुवातीला शेवटची रेघ पहिलीच्या कितीतरी पुढे पडायची. घरी येऊन अण्णा लायनर काढत, कुठे टेकतात, कुठे नाही ते बघून तेवढीच जागा घासत. शेवटी एका सकाळी सगळ्या रेघा एकमेकींना चिकटून पडल्या. अण्णा खाली उतरले, रेघांकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "तुमच्या रेघा वाकड्या येलालेत, मास्तर." मी त्यांना त्याहून आनंदात कधी पाहिलं नाही.

शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी होती.

खंडेनवमीच्या दिवशी शाळेत अवजारांची पूजा होती, म्हणून मी सकाळीच गेलो. सिद्राम सणाला होटगीला गेला होता. अण्णांनी शेवटची तपासणी म्हणून चारही चाकं उतरवली, ड्रम आणि शूज धुतलेल्या पंच्यावर ओळीने मांडले, आणि ब्रेकच्या नळीतलं नवं तेल आणायला बाहेर पडले. परत येताना ते मला चौकात भेटले. आम्ही बरोबरच मागच्या दाराने आत शिरलो.

शेडमध्ये उदबत्ती लावलेली होती. पाटावर अप्पा बसले होते. धुवट धोतर, बाह्या वर सारलेल्या, मांडीशी तेलाची वाटी. वर्षानुवर्षं नवमीला ते दुकानातला तराजू, वजनं, घाण्याचं लोखंड असंच स्वतःच्या हाताने तेल चोळून पुजत. आज ते इथवर आले होते. ड्रम तेलाने चमकत होते, प्रत्येकावर भस्माचे तीन पट्टे, वर झेंडूचं फूल. आणि शूज, ते तासलेले, घासलेले, महिनोन्महिने जुळवून आणलेले शूज, एकेक करून ताटात ठेवलेले, तेलाने काळे पडलेले.

अप्पांचा चेहरा उजळलेला होता. ते माझ्याशी बोलले, पण बोलणं कुणासाठी आहे ते उघड होतं. "मास्तर, सांगा त्याला. सगळं यथासांग केलंय. ह्या पट्ट्या कोरड्या ठणठणीत होत्या बघा. किती तेल प्याल्या! तीनदा लावलो, तवा धरलं."

मी अण्णांकडे बघायला धजलो नाही. मग ते ओरडले, थेट वडिलांवर, चार वर्षांत पहिल्यांदा.

"ब्रेकला तेल? अप्पा, ब्रेकला तेल लावलाव?"

"लोखंड हाय की. नवमीला लोखंडाला तेल—"

"तो ब्रेक हाय! घासायसाठी असतंय ते! कुणी सांगितलं तुमाला हितं यायला? दोन वर्षं आला नाहीत, आजच कशाला आलाव?"

पुढचं कानडीत होतं. ते मला समजलं नाही, पण दारात आलेल्या त्यांच्या आईने पदर तोंडाला लावला. अण्णांनी ताट उचलून फुलं अंगणात भिरकावली. अप्पा पाटावरून उठले तेव्हा त्यांचे तेलकट हात पुढे तसेच धरलेले होते, कुठे पुसावेत ते सुचत नसल्यासारखे.

मला त्या क्षणी दोघांचाही संताप आला. मुलाच्या कामाकडे दोन वर्षं ढुंकूनही न बघता एके दिवशी थेट आशीर्वाद द्यायला आलेल्या बापाचा. आणि आशीर्वाद द्यायला आलेल्या म्हाताऱ्यावर ओरडणाऱ्या मुलाचा. आज इतक्या वर्षांनी त्या भांडणाची गोष्ट करून सांगतोय म्हणून स्वतःचाही येतो, पण तो तेव्हा नव्हता.

अण्णांनी लायनर पेट्रोलमध्ये बुडवले. सोड्याच्या पाण्यात उकळले. शेवटी दिव्याच्या ज्योतीवर धरून आतलं तेल जाळायला गेले. करडईचं तेल तापलं की चिकट होऊन वाळतं, तवा धुणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पट्ट्यांच्या विणीत ते राळेसारखं बसलं. दुसरी पट्टी नव्हती. बाजारचे लायनर मिळाले असते, पण ते दोन दिवसांत घासून बसले नसते, आणि बसले तरी दहाव्या फेरीला त्यांचं काय होतं ते होटगी रस्त्यावर आम्ही पाहिलं होतं.

दसऱ्याला सोनं द्यायला सगळी पेठ आली. बातमी पसरलेली होतीच. जो तो आपट्याची पानं हातावर ठेवून सल्ला देत होता. "थोडं आधीपासून ब्रेक मारा की." "तिथं कोण उघडून बघणार हाय?" "देवाचं तेल हाय, काय होत नाही." पानवाला तर हार घेऊन आला होता. अण्णा म्हणाले, "जात नाही मी." लोकांना वाटलं, भ्याले. कुणीतरी तसं बोललंही. दोन वर्षं ज्या माणसाची थट्टा केली, तो आता आपणहून नाक कापून घ्यायला बसलाय, याचा त्या मंडळींना झालेला आनंद मी विसरलेलो नाही.

आणि मग अप्पा बोलले, माझ्याकडे बघून. "मास्तर, पुसलंय की आता सगळं. एवढ्यासाठी अडून बसायचं? चार लोकांत शोभा."

अण्णा उठले. अगदी शांतपणे म्हणाले, "चला अप्पा. सीमोल्लंघनाला जाऊ. गाडीतनं."

त्यांनी तेच लायनर, तेच ड्रम बसवले. अप्पा कोट घालून पुढे बसले. मुलाच्या गाडीत पहिल्यांदाच बसत होते. मी मागे. होटगी रस्त्याला लागेपर्यंत अण्णा दुसऱ्या गिअरमध्ये होते आणि रस्ता मोकळा होता. पुढे लांबवर एक बैलगाडी चालली होती.

"बघा माझा पाय," अण्णा म्हणाले आणि ब्रेक दाबला.

गाडी तशीच चालत राहिली. पेडल कडक होतं, अण्णांच्या मांडीची शीर फुगली होती, आणि चाकं गुळगुळीत फिरत होती.

"दाबा. तुमी दाबा, अप्पा. माझ्या पायावर पाय ठेवा."

"गुरू—"

"दाबा म्हणलालो!"

म्हाताऱ्याने पाय पुढे घातला. वहाण मुलाच्या बुटावर ठेवली आणि दोन्ही हात डॅशबोर्डला लावून जीव खाऊन दाबली. बैलगाडी मोठी होत गेली. तिच्यात मागे बसलेलं एक लहान मूल आमच्याकडे बघून हसत होतं. मी ओरडलो. अण्णांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी रस्ता सोडून नांगरटीत शिरली आणि ढेकळांत रुतून थांबली.

बैलगाडी निघून गेली. अप्पांचा पाय अजून तिथेच होता.

"सिद्रामला असंच झालं हुतं?"

"त्याच्या मागं तुमचे भरलेले डबे हुते," अण्णा म्हणाले.

मला आजही वाटतं, हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. खरं होतं, तरी.

अप्पा उतरले आणि गावाच्या दिशेने चालू लागले. अण्णांनी आणि मी गाडी नांगरटीतून काढली. अण्णा पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, त्यांच्या मागे निघाले. बोलावलं नाही, हॉर्न दिला नाही. अप्पांनीही मागे पाहिलं नाही. पहिली घरं लागली तिथे अप्पा रस्त्याच्या मधोमध अचानक थांबले, पाठमोरे, तसेच.

अण्णांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गाडीने हिसके खाल्ले आणि अप्पांच्या धोतराला नाक लावून थांबली. अण्णा दार उघडून बाहेर पडले. "मरायचंय काय, अप्पा?"

"थांबली की."

"इंजिन बंद केलं म्हणून थांबली!"

"मग आता चालू करू नको," अप्पा म्हणाले. "ढकल."

त्यांनी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं. अण्णा मागून ढकलू लागले, मी दुसऱ्या बाजूला. सोनं वाटून परतणाऱ्या लोकांनी रस्ता भरला होता. "काय अण्णा, बंद पडली?" पहिल्याच माणसाने विचारलं.

उत्तर अप्पांनी दिलं, मोठ्याने, चिडून. "बंद नाही पडली! ब्रेक नाही हिला. मी घालवलो. सरका बाजूला!"

पेठेपर्यंत जो भेटला त्याला त्यांनी असंच ओरडून सांगितलं. पानवाल्याला दोनदा सांगितलं. त्यांचा आवाज बसला, तरी ते थांबेनात.

दुकानाशी पोचलो तेव्हा सिद्राम होटगीहून परत आला होता आणि आपल्या स्टुलावर बसला होता. "काय झालं, अप्पा?" त्याने विचारलं. अप्पांनी तोंड उघडलं. सगळ्या रस्त्याला सांगितलेलं ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, पण ज्याचा पाय गेला त्याच्यासमोर ते बाहेर येईना. एक हात स्टिअरिंगवर ठेवून ते सिद्रामसमोर उभे राहिले. सिद्राम काठी शोधून हळूहळू उठला.

मागे अण्णा डिकीवर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून उभे होते. ते ढकलत नव्हते.